गरोदरपणात जिम बॉल: नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मागच्या जूनमध्ये पाचवा महिना चालू असताना हा बॉल घेतला, म्हणजे हवा भरून वर बसायचा व्यायामाचा मोठा बॉल. बाळ आता पाच महिन्यांचं होईल आणि बॉल अजून रोजच्या वापरात आहे. घेण्याआधी मी बरीच शोधाशोध केली होती, पण वापरलेल्या बाईने सांगितलेलं फारसं मिळालं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी साइज, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. माझी उंची पाच फूट तीन इंच. मोठा असलेला बरा, असा विचार करून ७५ सेंटिमीटरचा मागवला. फुगवून बसले तर टाचा टेकेनात. तो परत करून ६५ चा घेतला. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि कंबर गुडघ्यांच्या किंचित वर राहिली पाहिजे. पहिल्याच दिवशी टम्म फुगवू नका. नवं प्लास्टिक ताणलं जातं आणि दुसऱ्या दिवशी बॉल मऊ पडतो, तेव्हा उरलेली हवा भरायची. सोबत आलेल्या हातपंपाने नवऱ्याला वीस मिनिटं लागली. वास चार-पाच दिवस येत होता.

बॉल का हवा होता, तर कंबर. माझं ऑफिस ऐरोलीला. ठाणे स्टेशनवर ट्रान्स हार्बर लोकलच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर पूल चढून-उतरून जायचं, मग दिवसभर खुर्ची. संध्याकाळी घरी आले की माकडहाडाच्या वर असा ठणका लागायचा की भाकरी थापायला उभं राहवत नसे. त्याआधी सकाळी कचराळी तलावावर चालायला जात होते. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप माझ्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं. चालताना सोबतच्या बाईशी बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा, ही त्यांची खूण मी शेवटपर्यंत पाळली. पण जूनच्या मध्यावर पाऊस लागला, ट्रॅक निसरडा झाला आणि चालणं सुटलं. तेव्हा फिजिओथेरपिस्टने बॉल सुचवला.

त्यांनी मोजकेच प्रकार दिले. बॉलवर बसून कंबर गोल फिरवणं, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. मग कंबर पुढे-मागे झुलवणं. आणि मला सगळ्यात आवडलेला प्रकार: सतरंजीवर गुडघे टेकून बॉलला मिठी मारायची, गाल त्यावर ठेवायचा आणि हळूहळू डोलायचं. पोटाचा भार पाठीवरून उतरतो. ऑफिसमधून आल्यावर तशीच दहा मिनिटं राहायचे. आठवडाभरात ठणका निम्म्यावर आला, हे मी मनापासून सांगते. बॉलवर पाठ टेकून आडवं होणं मात्र त्यांनी स्पष्ट मना केलं होतं. पाचव्या महिन्यानंतर बराच वेळ उताणं राहिलं तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि चक्कर येऊ शकते.

आता धोक्याचं. जुलैत एकदा नुकत्याच पुसलेल्या फरशीवर बॉल होता, बसायला गेले आणि तो मागे सरकला. पलंगाची कड हाताला लागली म्हणून वाचले. पोट वाढतं तसा शरीराचा तोल बदलतो, सवयीच्या हालचालीही फसतात. अर्धा तास मी बाळाच्या हालचाली मोजत बसले होते. सासूबाईंनी काही न बोलता त्यांचं जुनं सुती लुगडं काढलं, पीळ देऊन त्याची मोठी चुंबळ केली, वरून टाके घातले आणि बॉल तिच्यावर ठेवला. "हंडा डोक्यावर राहतो, तर हा नाही राहणार?" म्हणाल्या. त्या दिवसापासून बॉल तसूभरही हलला नाही. बाजारात यासाठी प्लास्टिकची कडी मिळते, पण मी चुंबळच सुचवेन. बसता-उठताना भिंत किंवा माणूस जवळ हवंच.

बॉलने सगळं होत नाही, हेही सांगते. सव्विसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १४६ आली. १४० किंवा त्याहून जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. तिथे उपयोगी पडलं ते चालणं. जेवल्यावर पंधरा मिनिटं, पाऊस असेल तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. ताटातला भात कमी केला आणि साखर गोळी-इंजेक्शनशिवाय आटोक्यात राहिली. प्रत्येकीचं असंच होईल असं नाही.

आठव्या महिन्यात जांघेत मधोमध दुखायला लागलं, सलवार घालताना एक पाय उचलला की कळ यायची. फिजिओने पाय फाकवून बसणं आणि गोल फिरवणं बंद केलं, फक्त मिठीचा प्रकार ठेवला. म्हणून एकदा शिकलेलं तेच नऊ महिने चालवू नका, मधे दाखवत राहा. वार खाली असेल, रक्त जात असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल किंवा बीपी वाढलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बॉलला हातही लावू नका. व्यायाम करताना पाणी गेलं, चक्कर आली, छातीत दुखलं किंवा पोटरी सुजून दुखली तर थांबून लगेच दवाखाना.

माझी खरी तक्रार विकणाऱ्यांबद्दल आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'नॉर्मल डिलिव्हरीची खात्री' छापलं होतं. मला बॉलवर डोलत घरी सहा तास कळा सोसता आल्या, पण पुढे बाळाचे ठोके कमी झाले आणि सिझर करावं लागलं. दोन आठवडे मी स्वतःला दोष देत होते, आपण कमी व्यायाम केला म्हणून. डॉक्टरांनी समजावलं की ठोके कमी होण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. अशी खात्री छापणाऱ्यांनी एकदा बाळंतिणीच्या खाटेशी येऊन बसावं.

नऊ महिन्यांत हवा चारदा भरली. बूच घट्ट आहे, भेग नाही. आठवड्याला साबणाच्या पाण्याने पुसते, उन्हात ठेवत नाही. टाके भरल्यावर डॉक्टरांना विचारून पुन्हा बसायला लागले. रात्री लेक रडायला लागली की तिला खांद्यावर घेऊन, मान सांभाळून, बॉलवर हलकेच डोलते. दहाव्या मिनिटाला मुठी सैल पडतात.

कळव्याच्या नणंदेला चौथा महिना आहे. पुढच्या महिन्यात बॉल तिच्याकडे जाईल, तिच्या डॉक्टरांनी हो म्हटलं की. चुंबळ सासूबाईंनी आताच धुऊन वाळत घातली आहे.