‘पायी खाली का नको?’ हे विचारायचं राहून गेलं

नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किटला, म्हणजे अन्नपूर्णा पर्वतरांगेभोवतीच्या ट्रेकला, निघालेल्या सगळ्यांसाठी, त्यातही आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्यांसाठी हे लिहिते आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये वाटेतल्या याक खर्का या मुक्कामाहून आम्हाला हेलिकॉप्टरनं काठमांडूला नेलं. यांना गंभीर असं काहीही झालेलं नव्हतं. चार लाख रुपये गेले, आणि जिच्यासाठी वर्षभर घाम गाळला ती ‘थोरांग ला’ ही खिंड आम्हाला दिसलीसुद्धा नाही.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर, आणि थोरांग ला ५,४१६ मीटरवर. म्हणून वर्षभर रोज पहाटे सेमिनरी हिल्सचे चढउतार आणि दर रविवारी रामटेकला गडाच्या पायऱ्या. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि पाच किलो तांदूळ. हे निवृत्त झाले तेव्हापासून आमचं ठरलं होतं, की सोबत एकदा तरी लांबचा डोंगर पायी चालायचा आणि शेवटी मुक्तिनाथच्या १०८ धारांखाली उभं राहायचं.

१ एप्रिल २०२३ पासून नेपाळनं परदेशी ट्रेकरना गाइड बंधनकारक केला. ओळखीतून काठमांडूच्या एका एजन्सीचा नंबर मिळाला. भाव इतरांपेक्षा बराच कमी होता. आज मागं वळून बघते तेव्हा सुरुवातीच्याच दोन गोष्टी डोळ्यांत खुपतात. एक म्हणजे परमिट. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचं परमिट सार्क देशांच्या, म्हणजे आपल्याही, नागरिकांना १,००० नेपाळी रुपयांना मिळतं, बाकीच्या परदेशी लोकांना ३,०००. आमच्याकडून माणशी ३,००० घेतले. रक्कम मोठी नाही, दोघांचे मिळून आपले अडीच हजार रुपये जास्त गेले. पण जो माणूस पहिल्याच पावतीत खोटं बोलतो तो पुढं काय करेल, हा विचार मी करायला हवा होता. मी शाळेत गणित शिकवते, घरचा सगळा हिशेब माझ्याकडे असतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आमची तब्येत कशी आहे, बीपी-शुगर आहे का, आधी कधी उंचावर गेलो होतो का, हे त्या माणसानं एकदाही विचारलं नाही. विचारलं ते एकच, तेही दोनदा: ‘इन्शुरन्समध्ये हेलिकॉप्टर आहे ना?’ आणि पॉलिसीची प्रत मागून घेतली. आम्हाला वाटलं, किती काळजी घेतात.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, सोनौलीची सीमा, मग बसनं बेसीसहर. तिथं गाइड भेटला. विशी-पंचविशीतला पोरगा, यांना ‘दाइ’, म्हणजे दादा, आणि मला ‘दिदी’ म्हणायचा. नागपूरहून नेलेली संत्रा बर्फी मी रोज संध्याकाळी त्याच्या हातावर ठेवायची. चामेपर्यंत सगळं सुरेख चाललं होतं. मर्स्यांगदी नदीचा आवाज सतत सोबत, पिसांगच्या वर गेल्यावर अन्नपूर्णा दोन नंबरचं शिखर इतकं जवळ आलं की हे बराच वेळ तिथून हलेचनात.

मनांगला, म्हणजे साधारण ३,५०० मीटरवर, सगळे ट्रेकर एक दिवस जास्तीचा थांबतात. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम करावा, असा नियमच आहे. आमच्या कार्यक्रमातही तो दिवस लिहिलेला होता. गाइड म्हणाला, ‘हवा बिघडणार आहे, उद्याच निघू.’ मनांगमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं आरोग्य केंद्र आहे, हंगामात तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या आजारावर बोलतात. त्या दिवशी मला जायचं होतं. त्यानं जाऊ दिलं नाही, म्हणाला उशीर होईल, सामान आवरा. आकाश मात्र पुढचे चारही दिवस निळंभोर होतं.

याक खर्का चार हजार मीटरच्या वर. संध्याकाळी यांचं डोकं दुखायला लागलं, जेवण जाईना. इतक्या उंचीवर घाईनं चढल्यावर हे पुष्कळांना होतं. हे अंगणातल्या नळाच्या बर्फगार पाण्यात मोजे धुऊन आत आले आणि तेवढ्यात गाइडनं खिशातून ऑक्सिमीटर काढून यांच्या बोटाला लावला. बोटं पांढरी पडलेली, हात थरथरत होते. आकडा आला ७२. त्यानं तो मला दाखवला आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, ‘दिदी, रात्रीत काहीही होऊ शकतं. मागच्या वर्षी एक दाइ झोपेतच गेले.’

गार बोटावर ऑक्सिमीटर चुकीचा, कमी आकडा दाखवतो. त्या उंचीवर धडधाकट माणसाचाही आकडा ८५ ते ९० च्या आसपास असतो. हे सगळं मला आज माहीत आहे. त्या रात्री समोर फक्त नवरा दिसत होता, आणि ७२ हा आकडा. हे सारखे म्हणत होते, ‘अगं, मी बरा आहे, नुसतं डोकं दुखतंय.’ रात्रभर त्यांच्या छातीवर हात ठेवून मी श्वास मोजत बसले. सकाळी सातला हेलिकॉप्टर आलं. गाइडनं रात्रीच सांगून ठेवलं होतं, मला विचारण्याआधी.

मनांग तिथून पायी उतरून तीन-साडेतीन तासांवर होतं. डोंगरातल्या आजारावर खाली उतरणं हाच पहिला इलाज. हे स्वतःच्या पायांनी चालत होते, सकाळी त्यांनी चहासुद्धा घेतला. खाली डॉक्टर होते, घोडं मिळत होतं, मनांगहून जीप मिळत होती. यातलं एकही त्यानं आम्हाला सांगितलं नाही आणि ‘पायी खाली का नको?’ हे मीही विचारलं नाही.

हेलिकॉप्टर वाटेत मनांगला उतरलं आणि आणखी एक जोडपं चढलं, युरोपातलं. काठमांडूला एका खाजगी हॉस्पिटलची गाडी विमानतळावर तयार उभी होती. यांना सलाईन लावलं, एक्स-रे काढला, दोन रात्री ठेवलं. कॉरिडॉरमध्ये त्या बाईशी बोलणं झालं. तिच्या नवऱ्यालाही डोकेदुखीच होती, त्यांच्याही गाइडनं मुक्कामाचा दिवस गाळला होता. तिनं हेलिकॉप्टरचं बिल दाखवलं: ३,८०० डॉलर. माझ्या हातातल्या बिलावरही ३,८००. तारीख तीच, हेलिकॉप्टरचा क्रमांक तोच. एकच फेरी, आणि पूर्ण भाडं दोनदा.

हॉस्पिटलचे १,१५० डॉलर वेगळे. विमा कंपनीनं काठमांडूत पैसे भरायला नकार दिला आणि बिल भरल्याशिवाय डिस्चार्ज मिळेना. यांच्या कार्डावर ४,९५० डॉलर भरले, ८३ रुपयांच्या भावानं चार लाख दहा हजार. नागपूरला येऊन दावा केला, तो फेटाळला गेला. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी मदत क्रमांकावर कळवलं नव्हतं, आणि पॉलिसीत एका ठराविक उंचीपुढच्या ट्रेकिंगला संरक्षणच नव्हतं. विकताना एजंट म्हणाला होता, ‘मॅडम, सगळं कव्हर आहे.’ बारीक अक्षरांतलं पान मी नंतर वाचलं. डिस्चार्ज कार्डावर फुप्फुसात पाणी झाल्याचं लिहिलं होतं. धंतोलीच्या आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, ‘यात पाणी कुठं आहे?’

असे प्रकार नेपाळमध्ये नवे नाहीत. २०१८ मध्ये तिथल्या सरकारनंच हेलिकॉप्टर बचावाच्या नावाखाली चालणाऱ्या विमा घोटाळ्याची चौकशी केली होती. गाइड, एजन्सी, हेलिकॉप्टरवाले आणि हॉस्पिटल अशी साखळी असते, ट्रेक स्वस्तात विकायचा आणि पैसा कमिशनमधून काढायचा. त्या पोराचा मला अजूनही पूर्ण राग येत नाही, त्याला त्यातलं किती मिळालं असेल कोण जाणे. राग येतो तो माणसाच्या जिवाची भीती घालून धंदा करणाऱ्या वरच्या लोकांचा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. बसल्या जागी धाप लागत असेल, सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलणं असंबद्ध झालं असेल किंवा खोकल्यातून फेस येत असेल, तर एक क्षणही वाद घालू नका, मिळेल त्या मार्गानं खाली न्या, हेलिकॉप्टर मिळत असेल तर हेलिकॉप्टरनं. खरा आजार जीव घेतो. पण नुसतं डोकं दुखत असेल आणि गाइड उतरायचा शब्दच काढत नसेल, तर हात गरम करून पुन्हा आकडा बघा, लॉजच्या मालकिणीला विचारा, शेजारच्या खोलीतल्या ट्रेकरला उठवा आणि विमा कंपनीला स्वतः फोन लावा. त्या रात्री आमच्या लॉजमध्ये वीस-बावीस माणसं होती. मी एकाचंही दार वाजवलं नाही.

विमा लोकपालांकडे तक्रार केली आहे. नकार आल्यापासून वर्षाच्या आत करावी लागते, शुल्क लागत नाही. त्या युरोपातल्या बाईनं तिच्या बिलाची प्रत मेलवर पाठवली. दोन्ही बिलं जोडून नेपाळच्या पर्यटन विभागालाही लिहिलं आहे, उत्तर अजून नाही.

सेमिनरी हिल्सला पुन्हा जायला लागलो आहोत. या वेळी मनांगला तीन रात्रींचा मुक्काम धरला आहे आणि ऑक्सिमीटर आमचा स्वतःचा आहे.