सुटे व्हॉल्यूम की बॉक्स सेट? दोन्ही घेतलेत, त्यातला एक गमावलाय, म्हणून लिहितेय

"आजच्या काळात डीव्हीडी कोण घेतं" हे आई मला दर रविवारी कपाट पुसताना विचारते, तिला मी उत्तर देत नाही त्यामुळे तुम्हालाही देणार नाहीये. पण गेल्या काही महिन्यांत तिघांनी वेगवेगळं येऊन तेच विचारलं, की अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, डीव्हीडीवर गोळा करायला सुरुवात करायचीय तर जुने सुटे व्हॉल्यूम (चार-पाच भागांची एकेक डिस्क, स्वतंत्र डबीत) शोधत बसू का सरळ सगळ्या भागांचा एक बॉक्स घेऊन मोकळा होऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्याला लिंक पाठवता येईल.

माझ्याकडे दोन्ही आहेत. काउबॉय बीबॉपचे सहा सुटे व्हॉल्यूम, म्हणजे सहा होते, आता पाच आहेत, त्यावर येतेच शेवटी. आणि इव्हँजेलियन बॉक्समधे. दोन्ही मालिका २६ भागांच्या आणि दोन्ही नव्वदच्या दशकातल्या, त्यामुळे तुलना करायला बऱ्या.

आधी सुट्यांचं. साल २००६, मी कॉलेजला, एफसी रोडवर चहाचे पैसे तीन जणीत वाटून घ्यायचे दिवस. अॅनिमॅक्स हे अॅनिमेचं चॅनल आपल्याकडे २००४ ला आलं होतं, त्यावर अर्धवट काहीतरी बघायचं आणि उरलेलं होस्टेलवाल्यांच्या हार्डडिस्कवरून आणायचं, सगळे तेच करायचे, मीही केलंय, उगाच सोवळं नाही नेसणार. पण ओरिजिनल डिस्क हवी ही खाज होती आणि पुण्यातल्या दुकानात मला तरी ती कधी दिसली नाही. मग आतेभाऊ, न्यू जर्सीवाला दादा. तिकडे एका व्हॉल्यूमवर छापलेली किंमत साधारण २९.९८ डॉलर, डॉलर तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे चार-पाच भागांना साडेतेराशे रुपये! दादा सेलमधून, सेकंडहँडमधून शोधायचा, तरीसुद्धा सहा व्हॉल्यूम पूर्ण व्हायला दीड वर्ष गेलं, कारण जो कोणी पुण्याला येणार त्याच्या बॅगेत एक-दोन घुसवायचे. एकदा तर दादाचा फोन, "डब्या इथेच टाकतो गं, चकत्या तेवढ्या पाऊचमधे घालून आणतो, त्या जागेत काकूची व्हिटॅमिनं बसतील." मी म्हटलं, डबीला हात लावलास तर घरी येऊच नकोस.

हे एवढं रामायण सांगितलं कारण सुट्या व्हॉल्यूममधे तुम्ही अर्धे पैसे त्या डबीचेच देता. प्रत्येक व्हॉल्यूमला वेगळं चित्र, आत कागद, कधी कव्हर उलटं करून घातलं की दुसरं चित्र, डिस्कवर नावांच्या अक्षरांशिवायची ओपनिंग, म्हणजे सुरुवातीचं गाणं, मुलाखती, असलं काय काय. डबी उघडून मधलं बटण दाबलं की डिस्क कट्ट करून वर येते, तो आवाज मला अजून आवडतो. आणि चार भाग संपले की संपले, पुढचा व्हॉल्यूम मिळेपर्यंत तेच परत बघायचे, त्यामुळे पहिल्या दोन व्हॉल्यूममधले संवाद मला आजही पाठ आहेत आणि शेवटच्याचे नाहीत. जपानात तर एका डिस्कवर दोन-तीनच भाग देतात आणि किंमत अमेरिकेपेक्षा जास्त, तिथल्या लोकांचा संयम वेगळाच आहे बाबा.

आता तोटे. पहिला जागा. साध्या डीव्हीडीच्या डबीची जाडी १४ मिलिमीटर. सहा व्हॉल्यूमचे साडेआठ सेंटिमीटर, ठीक आहे, बसतं. पण फुलमेटल अल्केमिस्ट, २००३ ची पहिली मालिका, ५१ भाग, अमेरिकेत सुटी आली ती १३ व्हॉल्यूममधे. म्हणजे अठरा सेंटिमीटरच्या वर एकाच मालिकेला, आणि छापील किमतीने हिशोब केला तर जवळजवळ ३९० डॉलर. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात भिंतीतलं एक कपाट माझ्या वाट्याला, त्यातला एक खण आजोबांच्या पोथ्यांचा, तो हलवायचा नाही. उरलं काय?

दुसरा तोटा जास्त वाईट, आणि तो घेताना कुणाच्या लक्षात येत नाही. सुटा संच अर्धवट राहू शकतो. जिनिऑन या अॅनिमे डीव्हीडी काढणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या कंपनीने २००७ मधे गाशा गुंडाळला तेव्हा काही मालिका मधेच लटकल्या, लोकांकडे पहिले दोन-तीन व्हॉल्यूम आणि पुढचे येईनात. एडीव्ही, तशीच दुसरी अमेरिकन कंपनी, २००९ ला गेली. काही मालिका नंतर दुसऱ्या कंपन्यांनी काढल्या, पण ज्याने सुरुवातीचे घेतले होते त्याला परत पहिल्यापासून विकत घ्यायची वेळ. आणि शेवटचे व्हॉल्यूम सेकंडहँडमधे शोधून बघा एकदा! पहिला व्हॉल्यूम ढिगाने मिळतो कारण लोक पहिला घेऊन सोडून देतात, शेवटचा सापडला तर विकणारा असा भाव सांगतो की वाटतं हा सोन्याच्या पेढीवर बसतो. कंपन्यांनाही हे माहीत असायचं, म्हणून पहिल्या व्हॉल्यूमबरोबर अख्ख्या मालिकेचा रिकामा खोका द्यायचे, आत पुठ्ठ्याचा ठोकळा भरून, की बघ हा रिकामा कोपरा, भर आता. माणूस भरतोच. माझ्या एका मैत्रिणीकडे असा खोका आहे, त्यात दोन व्हॉल्यूम आणि उरलेल्या जागेत तिचे पासपोर्ट फोटो आणि एलआयसीच्या पावत्या.

बॉक्सचं म्हणाल तर "बॉक्स सेट" हा शब्द फसवा आहे, आत काय आहे ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मला सगळ्यात आवडतो तो पातळ डब्यांचा, बाहेर पुठ्ठ्याचा खोका आणि आत प्रत्येक डिस्कला वेगळी सात मिलिमीटरची डबी, म्हणजे नेहमीच्या बरोब्बर निम्मी. सहा डिस्क सव्वाचार सेंटिमीटरमधे. एडीव्हीने असे पुष्कळ काढले आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच सेटमधे डिस्क त्याच असायच्या ज्या सुट्या व्हॉल्यूममधे होत्या, फक्त कपडे बदललेले. चित्र तेच, आवाज तोच, बरेचदा डिस्कवरचे एक्स्ट्राही तेच, गेला तो आतला कागद. आणि किंमत सुट्यांच्या एकूण बेरजेपेक्षा कितीतरी कमी. माझा इव्हँजेलियनचा असाच, आणि दादानेसुद्धा हा बॉक्स तोंडातून शब्द न काढता आणला, यातच सगळं आलं.

दुसरा प्रकार घडीच्या पुठ्ठ्याचा, लग्नपत्रिकेसारखा उघडत जातो, दिसायला देखणा, पण डिस्क धरणारे प्लास्टिकचे दात एकदा तुटले की संपलं, ती डिस्क आत मोकळी फिरते. आणि तिसरा, ज्याच्यापासून लांब राहा, एकाच जाड डबीत एकाच खुंटीवर तीन-चार डिस्क एकमेकांवर रचलेल्या. असा एक मी सेकंडहँड मागवला होता ऑनलाइन, विकणाऱ्याचं नाव घेत नाही, फोटोत एकदम कोरा करकरीत. पार्सल हातात घेतलं आणि हलवलं तर लहान मुलाचा खुळखुळा. आत खुंटी तुटलेली, चार डिस्क एकमेकांवर घासत किती दिवस प्रवास करून आलेल्या, तिसरी डिस्क उजेडात तिरकी धरली तर काठापासून मध्यापर्यंत गोल ओरखडे, जसे स्टीलच्या ताटाला तारेच्या घासणीने पडतात. पहिला भाग चालला, दुसऱ्याच्या मध्यावर चित्र चौकटी-चौकटी होऊन थिजलं. मेसेज केला तर उत्तर काय, "बाकीच्या तीन तर चालतात ना मॅडम." हो, आणि स्कूटरची तीन चाकं असती तर रिक्षा झाली असती. पैसे परत मिळाले नाहीत. सुट्या व्हॉल्यूमची एक डिस्क गेली तर तेवढाच व्हॉल्यूम परत शोधता येतो, बॉक्समधली एक गेली की ती एकटी कुणी विकत नाही.

चित्राच्या दर्जावरून लोक फार भांडतात म्हणून थोडं गणित. दोन थरांच्या डीव्हीडीवर ८.५ जीबी मावतं, एक भाग साधारण २४ मिनिटांचा. त्यावर चार-पाच भाग घातले तर डीव्हीडीवर चित्राच्या दर्जाची जी वरची मर्यादा आहे तिच्या जवळपास जाता येतं, सहा-सात घातले तरी जुन्या टीव्हीवर सोडा, चांगल्या टीव्हीवरही मला फरक कळला नाही. नऊ-दहा कोंबले की मग अंधारातल्या प्रसंगात काळ्या रंगाचे ठिपके ठिपके दिसायला लागतात, आणि अॅनिमेत अंधार काय कमी असतो का. त्यामुळे बॉक्सच्या मागे भाग किती आणि डिस्क किती ते वाचा आणि भागाकार करा, बाकी रिव्ह्यू वाचायची गरज नाही.

रीजनचं विसरू नका, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा आकडा. अमेरिकन डिस्क रीजन १, आपला भारत ५, ब्रिटन आणि जपान दोन्ही २. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमधे रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यानंतर आहे तिथेच कुलूप. मी पहिल्या आठवड्यात चार वेळा बदलला, नुसतं काय होतं बघायला, आणि मग घाबरून तापकीर गल्लीत गेले. तिथल्या काकांनी डीव्हीडी प्लेअर काउंटरवर ठेवला, रिमोटवर पटापट कसलेतरी आकडे दाबले आणि म्हणाले, "आता चंद्रावरची डिस्क घाला, चालेल." चालतोय अजून. ब्रिटनहून कुणी आणून देत असेल तर एक सांगते, तिकडच्या जुन्या अॅनिमे डिस्कपैकी काही अमेरिकन मूळ प्रतीवरून पालमधे, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या पद्धतीत, बदललेल्या असतात, त्यात हालचाल झाली की मागे भुतासारखी पुसट सावली दिसते. मला ते डोळ्यात खुपतं, दादाला दिसतच नाही.

आणि पुण्याचा पावसाळा! हे कुठल्याच परदेशी रिव्ह्यूत सापडणार नाही. जुलै-ऑगस्टमधे आमच्या कपाटात चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते, तशीच ती डबीतल्या कागदावर आणि बॉक्सच्या पुठ्ठ्यावर येते. सुट्या व्हॉल्यूमचं कव्हर बाहेरच्या प्लास्टिकखाली असतं, फडक्याने पुसलं की झालं. पुठ्ठ्याचा खोका ओल धरतो, फुगतो, मग पातळ डब्या आत अडकून बसतात आणि ओढताना कोपरा फाटतो. माझ्या इव्हँजेलियनच्या खोक्याचा खालचा उजवा कोपरा असाच गेलाय. आता बुटांच्या खोक्यातून येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून खणात ठेवते, आणि बॉक्स भिंतीला चिकटवून ठेवत नाही.

"पण सगळं स्ट्रीमिंगवर आहे ना" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, फनिमेशन या अमेरिकन अॅनिमे कंपनीच्या डिस्कबरोबर तिच्या अॅपवरच्या डिजिटल कॉपीचे कोड यायचे, लोकांनी ते भरले, लायब्ररी केली, आणि एप्रिल २०२४ ला ते अॅप बंद झालं तेव्हा ती लायब्ररी पण गेली. डिस्क घरात आहे.

तर घ्यायचं काय. नवीन सुरुवात करत असाल, मालिका २० भागांच्या वर असेल, तर पातळ डब्यांचा बॉक्स, डोळे मिटून. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारलीत आणि नशिबाने एखादा दिसला, तर आधी कानाशी धरून हलवा, खुळखुळला तर ठेवून द्या, मग प्रत्येक डिस्क उजेडात तिरकी धरून बघा, विकणारा वैतागला तरी. सुटे व्हॉल्यूम फक्त त्या एका मालिकेचे घ्या जी तुम्हाला वेड्यासारखी आवडते, आणि तेही सगळे एकदम मिळत असतील तरच. बारा-तेरा भागांच्या छोट्या मालिकेला तर सुटे घेण्यात काहीच अर्थ नाही.

आणि सुटे घेतलेत तर उसने देऊ नका. बॉक्स कुणी मागत नाही, मागायलाच संकोच वाटतो, पण सुटा एक व्हॉल्यूम "दोन दिवसात देतो गं" म्हणून सहज उचलला जातो. माझा बीबॉपचा चौथा असाच २००८ मधे कॉलेजच्या मित्राने नेला. मग त्याची नोकरी बंगलोरला, मग लग्न, मग मी मागायचं सोडलं. गेल्या वर्षी त्यांनी कर्वेनगरचं जुनं घर रिकामं केलं तेव्हा त्याचा फोन, सापडला म्हणे, आणि संध्याकाळी स्वतः आणून दिला, कव्हर अगदी शाबूत, आतला कागदसुद्धा. चहा पिऊन तो गेल्यावर मी डबी उघडली, बटण दाबलं, कट्ट. आत त्याच्या ताईच्या लग्नाची डीव्हीडी. फोन केला तर म्हणतो, अरे मग तुझी प्लेअरमधेच राहिली असणार, आणि प्लेअर परवाच भंगारवाल्याला दिला.