शिक्षकाने टॅब कोणता घ्यावा: रेडमी, सॅमसंग, लेनोवो, वनप्लस का आयपॅड?

जून जवळ आला की शिक्षकांच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच, सर टॅब घ्यायचाय, पंधरा-वीस हजारात बसला पाहिजे, वर्गातपण चालला पाहिजे आणि घरी पोरंपण बघतील, कोणता घेऊ. उत्तरं येतात ती सगळी रॅम आणि प्रोसेसरची. माझं म्हणणं असंय की शिक्षकाने रॅम सगळ्यात शेवटी बघावी, आधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. एक, टॅबवर तुम्ही लिहिणार आहात का नुसतं दाखवणार आहात. दोन, दाखवणार असाल तर ते टॅबमधून वर्गातल्या टीव्हीवर जाणार कसं. ही दोन उत्तरं मिळाली की दहापैकी आठ मॉडेल आपोआप बाद होतात, मग उरलेल्या दोनात काय घ्यायचं ते घ्या.

नुसतं दाखवायचं असेल, म्हणजे बालभारतीची पीडीएफ पुस्तकं, सरकारच्या दीक्षा ॲपवरचे धड्यांचे व्हिडिओ, यूट्यूब, कविता ऐकवणं, तर सगळ्यात स्वस्तात बसतो रेडमी पॅड एसई. २०२४ मधे आपल्याकडे आला तेव्हा १२,९९९ पासून सुरू होता. ११ इंची फुल एचडी स्क्रीन, ८००० एमएएचची बॅटरी, चार स्पीकर, मेमरी कार्ड टाकता येतं, आणि हेडफोनचा जुना गोल जॅकपण आहे. हा जॅक फालतू वाटतो पण शाळेतला जुना ॲम्प्लिफायर किंवा परिपाठाचा स्पीकर याच्यावरच जोडला जातो. खोट म्हणजे चार्जिंग १० वॅटचं, त्यामुळे सकाळी अर्धा तास लावला आणि निघालो असं होत नाही, रात्री लावून झोपायचं. दुसरं, त्याला सिम नाही आणि चांगल्या पेनचा सपोर्टपण नाही.

त्याच्या शेजारी सॅमसंग टॅब ए९ प्लस ठेवा. तोपण ११ इंची, फुल एचडी, चार स्पीकर, जॅक आहे, कार्ड आहे, बॅटरी ७०४० एमएएच, चार्जिंग १५ वॅट. कागदावर बघितलं तर जास्त पैसे का द्यायचे असं वाटेल. तर एकतर ५जी सिमवालं मॉडेल मिळतं, दुसरं म्हणजे प्रोसेसर बरा आहे, स्नॅपड्रॅगन ६९५, रेडमीतला ६८० आहे, आणि तिसरं सॅमसंगच्या टॅबवर दोन वेगळे युजर करता येतात, ते घरच्या वापरात फार कामाला येतं, त्याच्यावर खाली बोलतो. एक सांभाळायचं, नाव सारखं असल्यामुळे दुकानदार ए९ दाखवतो आणि आपण ए९ प्लस समजून घेतो. नुसता ए९ हा पावणेनऊ इंची छोटा टॅब आहे, एकट्याला वाचायला ठीक, वर्गात नको.

आता टीव्हीचं, कारण खरी फसवणूक इथेच होते. आपल्याकडे बऱ्याच जिल्हा परिषद शाळांमधे ग्रामपंचायतीच्या निधीतून नाहीतर लोकवर्गणीतून टीव्ही किंवा प्रोजेक्टर आलेला आहे, आणि गुरुजी हौसेने टॅबसोबत बाजारातून टाइप-सी ते एचडीएमआय केबल घेऊन येतात, आणि ती चालत नाही. केबल खराब नसते हो. स्वस्त टॅबच्या पोर्टमधून चित्र बाहेर येतच नाही, ते पोर्ट फक्त चार्जिंगला आणि फाइल टाकायला असतं. वर सांगितलेला रेडमी असो, ए९ प्लस असो, लेनोवोचा एम११ असो, सॅमसंगचा टॅब एस६ लाइट असो, या सगळ्यांचं हेच. केबलने चित्र पाहिजे तर शाओमी पॅड ६ किंवा ७ पर्यंत जावं लागतं, किंवा टाइप-सीवाला आयपॅड, म्हणजे साध्या आयपॅडमधे दहाव्या पिढीपासून पुढचे. पॅड ७ भारतात २७,९९९ पासून आला होता. म्हणजे एका केबलसाठी बजेट दुप्पट.

मग स्वस्तवाल्यांनी काय करायचं, तर वायरलेस. टीव्ही स्मार्ट असेल आणि त्याच्यात स्क्रीन मिररिंग किंवा मिराकास्ट असेल तर टॅब थेट जोडला जातो, वायफायचा राउटर लागत नाही, इंटरनेटपण लागत नाही. सॅमसंगमधे त्याला स्मार्ट व्ह्यू म्हणतात, रेडमीत कास्ट. गूगलवालं कास्ट वेगळं, त्याला टॅब आणि टीव्ही एकाच वायफायवर पाहिजेत, म्हणजे शाळेत नेट नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून दोघं त्याच्यावर घ्यायचे. जुना प्रोजेक्टर असेल तर एचडीएमआयला लावायचं वायरलेस डोंगल घ्यावं लागतं. ते चालतं, पण आवाज थोडा मागे राहतो, व्हिडिओत चालून जातं, गाण्यावर टाळ्या घ्यायच्या असतील तर गंमत होते. आणि लाइट गेली की टीव्ही, प्रोजेक्टर, डोंगल सगळं बंद, मग ११ इंची टॅब पोरांच्या मधे ठेवायचा. पाच-सहा जण बसले तर ठीक, त्यांच्या मागून आवाज येतोच, सर दिखस नही, म्हणजे दिसत नाही. म्हणून शिकवायला टॅब घेत असाल तर दहा इंचाच्या खाली जाऊच नका, कितीपण स्वस्त असला तरी.

आता लिहिणारे. गणित, विज्ञान, इंग्रजीचं व्याकरण शिकवणारे, क्लास घेणारे, व्हिडिओ बनवणारे, त्यांनी पेनशिवाय टॅब घेऊ नये. दोनशे रुपयाचा रबरी टोकाचा पेन कोणत्यापण टॅबवर चालतो म्हणतात, चालतो पण तळहात टेकला की रेघा उमटतात, आणि अपूर्णांकाची आडवी रेघ कुठे आणि अंश कुठे अशी अवस्था होते. खरा पेन म्हणजे ज्याच्यात हात टेकवून लिहिता येतं. यात मला तीन पर्याय दिसतात.

लेनोवो टॅब एम११, मार्च २०२४ मधे १७,९९९ ला आला होता आणि पेनसकट विकला गेला, पण काही ठिकाणी बिनपेनचा पॅकपण असतो, डबा उघडून बघूनच पैसे द्या. ११ इंची, ७०४० एमएएच, धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांसाठी आयपी५२ रेटिंग आहे, खडूच्या धुळीत ते बरं. प्रोसेसर हेलिओ जी८८, हा मात्र हळू आहे, दोन-तीन ॲप उघडी असली की अडकतो. दुसरा रेडमी पॅड २, हा २०२५ चा, सुरुवात १३,९९९ पासून होती, स्क्रीन एसईपेक्षा स्पष्ट, २.५के, बॅटरी ९००० एमएएच, सिमवालं मॉडेलपण आहे, आणि कंपनीचा स्मार्ट पेन चालतो पण तो वेगळा घ्यायचा, चार हजाराच्या आसपास. म्हणजे बेरीज लेनोवोच्याच घरात जाते, पण टॅब जास्त चांगला पडतो. तिसरा सॅमसंग एस६ लाइट, जुना चेहरा आहे, २०२० पासून तोच आकार, २०२२ आणि २०२४ मधे फक्त आतलं बदललं, तरी पेनाने लिहायला मला या तिघांत हाच आवडतो. एस पेन डब्यातच येतो आणि त्याला चार्जिंग लागतच नाही, सेल नाही, ब्लूटूथ जोडणं नाही, उचलला की लिहिला. तास सुरू झाल्यावर पेन डाउन झालाय हे कळण्यासारखा वैताग दुसरा नाही. पण किंमत पंचवीस हजाराच्या पुढे होती आणि रॅम ४ जीबी, म्हणून ऑफर असेल तेव्हाच घ्या.

या भावात आयपॅड का नको असं क्लासवाले हमखास विचारतात. ए१६ चिपवाला आयपॅड २०२५ मधे ३४,९०० ला आला, १२८ जीबी, आणि टाइप-सीचा ॲपल पेन्सिल ७,९०० ला. त्रेचाळीस हजाराच्या जवळ गेलं, त्याच्यात कव्हर आणि एचडीएमआय ॲडॅप्टर धरलेलं नाही. टिकतो खूप, अपडेट वर्षानुवर्षं येतात, केबलने टीव्हीला लागतो, ज्याचा क्लास चालतो आणि रोज चार-पाच तास त्याच्यावर लिहायचंय त्याने जरूर घ्यावा, पैसे वसूल होतील. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने स्वतःच्या पगारातून एवढं घालावं असं मला वाटत नाही, शाळेत कपाटात ठेवायला जीव होणार नाही आणि घरी ठेवला तर शाळेसाठी कशाला घेतला. शिवाय मेमरी कार्ड नाही, हेडफोनचा जॅक नाही.

वनप्लस पॅड गो राहिला. १९,९९९ ला आला होता, पेन नाही, जॅक नाही, तरी त्याची एक गोष्ट चांगली आहे, स्क्रीनचा आकार. बाकीचे टॅब लांबट असतात, सिनेमाला छान, पण पाठ्यपुस्तकाचं किंवा ए४ प्रश्नपत्रिकेचं पान त्याच्यावर उभं धरलं तर वर-खाली काळी पट्टी आणि अक्षर बारीक. पॅड गो जरा चौकोनी आहे, ७:५, त्यामुळे पान मोठं दिसतं. दिवसभर पीडीएफ वाचणाऱ्याला, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला हा आवडेल. आयपॅडचा आकारपण तसाच चौकोनी.

सिमचं काय? जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेरकडे मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो, सिमवाल्या मॉडेलचे दोन-तीन हजार वाचवा. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडच्या पाड्यांवर रेंज मुळात टेकडीवर जाऊन शोधावी लागते, तिथे सिमवाला टॅब घेऊनपण उपयोग शून्य, तिथे मेमरी कार्डवाला घ्या आणि तालुक्याला किंवा घरी असताना सगळं डाउनलोड करून न्या. दीक्षावरचा बराचसा मजकूर डाउनलोड करून ऑफलाइन चालतो, पुस्तकावरचे क्यूआर कोड स्कॅन करून एकदा भरून ठेवला की झालं. त्यासाठी ६४ जीबी पुरत नाही, अर्धी जागा तर सिस्टिम आणि व्हॉट्सॲपच खातं, १२८ च घ्या. मधल्या मधे ज्यांच्या शाळेत रेंज आहे पण फोन साधाच आहे, बॅटरी दुपारपर्यंत संपते, त्यांनी सिमवाला घ्यावा. अजून एक, बिनसिमच्या टॅबवर यूपीआय सुरू होत नाही, कारण नोंदणी करताना त्याच उपकरणातून बँकेला एसएमएस जावा लागतो. ओटीपी फोनवरच येणार. म्हणजे टॅब घेतला की फोन सुटला असं समजू नका.

माहिती भरायला टॅब चालेल का हे पण विचारतात. यूडायस प्लस, सरल, शालार्थ या सरकारी पोर्टलवर शाळेची, मुलांची, पगाराची माहिती भरायची कामं ब्राउझरमधे डेस्कटॉप साइट लावून होतात, पण बोटाने त्या बारीक चौकोनात आकडे भरणं म्हणजे डोळ्याला शिक्षा, तेवढ्यासाठी ब्लूटूथ कीबोर्ड-माउस हजार-दीड हजारात जोडा नाहीतर शाळेचा कॉम्प्युटरच बरा. मराठी टायपिंगला गूगलचा जीबोर्ड घ्या, त्याच्यात मराठीत बोलून टाइप होतं आणि बोटाने लिहूनपण. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमधे असतील तर टॅबवर नुसता कचरा दिसतो, कॉम्प्युटरवर त्यांची पीडीएफ करूनच टॅबमधे टाका. हे सगळ्या कंपन्यांना सारखंच लागू, त्यामुळे यावरून निवड करू नका.

आपल्या खानदेशात उन्हाचा हिशेब करावाच लागतो. ॲपल स्वतः सांगतं की आयपॅड ० ते ३५ अंशात वापरा, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मधे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. सकाळची शाळा असली तरी अकराच्या पत्र्याखालच्या खोलीत टॅब तापतो, मग ब्राइटनेस आपोआप कमी होतो, चार्जिंग थांबतं, आणि माणसाला वाटतं टॅब बिघडला. कोणतापण टॅब असो, गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवायचा नाही, चार्जिंगला लावून त्याच्यावर व्हिडिओ चालवायचा नाही, आणि जाड रबरी कव्हर उन्हाळ्यात काढून टाकायचं. उजेडात स्क्रीन न दिसण्याचा त्रास सगळ्याच स्वस्त टॅबला आहे, खिडकीकडे पाठ करून बसा, दुसरा इलाज नाही. शाओमी पॅड ७ ची चमक कमी करणारी एक वेगळी आवृत्ती आहे, पण ती अजून महाग.

घरच्या वापराचं आधी म्हटलं ते असं. टॅब घरी आला की तो तुमचा राहत नाही, पोरगं गेम टाकतं, आई कीर्तन बघते, बायको नाहीतर नवरा रात्री सिरीयल. गुणांच्या याद्या, पोरांचे फोटो, शाळेचे लॉगिन त्याच्यातच. सॅमसंगवर दुसरा युजर करून द्या, त्यांचं जग वेगळं, तुमचं वेगळं. आयपॅडवर ही सोय घरगुती वापरासाठी नाही. व्हॉट्सॲप मात्र सगळीकडे फोनला जोडून दुसऱ्या उपकरणावर चालतं.

तर मी कोणाला काय सांगतो. नुसतं दाखवणाऱ्याला रेडमी पॅड एसई, आणि घरात वाटेकरी जास्त असतील तर ए९ प्लस. लिहिणाऱ्याला रेडमी पॅड २ आणि त्याचा पेन, सेलमधे एस६ लाइट पंचवीसच्या खाली सापडला तर तो. लेनोवो मी तेव्हाच घेईन जेव्हा तो पेनसकट पंधराच्या आत मिळेल. क्लासवाल्याला आयपॅड. मी दिलेल्या किमती टॅब बाजारात आला तेव्हाच्या आहेत, दसरा-दिवाळीला खाली येतात, तेव्हा घाई नसेल तर थांबा.

ऑनलाइन दोन हजार कमी पडतात हे खरं, पण जळगावच्या गोलाणी मार्केटमधे किंवा तुमच्या तालुक्याच्या दुकानात जाऊन घेतला तर एक गोष्ट करता येते. दुकानात स्मार्ट टीव्ही असतोच, बिल फाडायच्या आधी म्हणा, भाऊ हा टॅब त्या टीव्हीला जोडून दाखवा, नेट बंद ठेवून. जोडला तर घ्या. आणि तिथेच उभ्या उभ्या कंपनीच्या साइटवर बघून घ्या की सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे का, नाहीतर काच फुटली की नाशिकच्या गाडीत बसावं लागेल.