पावसाची चालू बेरीज: साखळी धरावी की रोज पहिल्यापासून मांडावी?

शेतावर पर्जन्यमापक बसवला की वहीत दोन रकाने आखले जातात: आजचा पाऊस आणि 1 जूनपासूनचा एकूण पाऊस. दुसरा रकाना दोन पद्धतींनी भरता येतो. कालच्या एकूण आकड्यात आजचा मिळवायचा, ही झाली साखळी. नाहीतर दर वेळी 1 जूनपासून आजपर्यंतचे सगळे आकडे नव्याने बेरजेला घ्यायचे.

कागदी वही असेल तर साखळीच धरा. जून ते सप्टेंबर 122 दिवस होतात. रोज पहिल्यापासून मांडायचं तर हंगामभरात 7503 आकडे हाताखालून जातील. साखळीत 3 जुलैचा आकडा 4 मिमीने चुकला, तर त्यापुढच्या प्रत्येक बेरजेत तेवढाच फरक करायचा. खाडाखोड होते, पण हिशेब सोपा राहतो.

एक्सेलमध्ये मात्र माझा कौल उलटा आहे. एकदा पाऊस मोजायचा राहिला म्हणून मी त्या चौकटीत प्रामाणिकपणे ‘मोजला नाही’ असं लिहिलं. अधिक चिन्हाने जोडलेली साखळी तिथेच तुटली आणि खालच्या सगळ्या बेरजांच्या जागी चूक दाखवणारी खूण आली. ‘सम’ (SUM) हे बेरजेचं सूत्र अक्षरं वगळून पुढे जातं. त्यात पहिल्या ओळीच्या क्रमांकाला डॉलर लावून ती पक्की करायची आणि शेवटच्या ओळीच्या क्रमांकाला डॉलर लावायचा नाही, उदाहरणार्थ =SUM(B$2:B2). विसरलेल्या दिवसाची ओळ नंतर मध्ये घातली, तरी खालच्या बेरजा तिला सामावून घेतात. साखळी त्या ओळीला गुपचूप ओलांडून जाते आणि एकूण आकडा कमी येतो, हे लवकर लक्षातही येत नाही. (न मोजलेल्या दिवशी शून्य लिहू नका. शून्य म्हणजे कोरडा दिवस.)

तीस वर्षांच्या रोजच्या नोंदी असतील, तर पहिल्यापासूनच्या बेरजांत सुमारे सहा कोटी आकडे वाचावे लागतात आणि फाइल जड होते. तिथे साखळीच बरी, पण अधिक चिन्हाऐवजी कालची बेरीज आणि आजचा आकडा ‘सम’मध्ये घ्या.

हे सगळं पावसाला चालतं, कारण पर्जन्यमापकात 24 तासांचं पाणी आधीच साठलेलं असतं. धरणाच्या विसर्गाचे आकडे असे सरळ मिळवू नका. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे तो वेग आहे. त्याला वेळेने गुणावंच लागतं. समजा, सकाळी 6 वाजता विसर्ग 20,000 क्युसेक होता आणि दुपारी 12 ला 32,000. सकाळचाच आकडा सहा तास धरला तर 0.43 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी गेलं असं दिसेल. दोन्हींची सरासरी 26,000 घेऊन 21,600 सेकंदांनी गुणलं, तर 0.56 टीएमसी येतं. मी सरासरीच घेतो. मात्र 11 वाजता दरवाजे एकदम उचलले असतील तर तीही फसते, म्हणून विसर्ग बदलल्याची वेळ मिळाली की तिथे नवी ओळ घालतो.