मेन रोडचं जर्सी छपाईचं दुकान: कापड उत्तम, कफ ढिले, पाठीवर सुब्रतो

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि काका माणूस म्हणून भले आहेत. नाशिकला शालिमारकडून मेन रोडला शिरलं की ज्या गल्ल्या फुटतात त्यांतल्या एकीत, खाली साड्यांचं दुकान, वर यांचं. जिना अरुंद. वर पोचलं की आधी हीट प्रेसची धग लागते, मग काका दिसतात. मंडळांचे टी-शर्ट, ढोल पथकांचे, बॉक्स क्रिकेटवाल्यांचे, हा त्यांचा मुख्य धंदा. फुटबॉल क्वचित. आमची यादी बघून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "सगळे निळे आणि एकच पोपटी? भाऊ, हिशेबात काही चुकलंय का?" गोलकीपरचा रंग बाकी खेळाडूंपेक्षा आणि पंचांपेक्षाही वेगळा लागतो, तसा नियमच आहे, हे सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे समोरच्याला नेम धरायला सोपं." म्हटलं, काका, खेळ कळला तुम्हाला.

आम्ही अंबड एमआयडीसीतले. रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या टर्फवर खेळतो, शिफ्ट जुळली तर. कॉलेजपासून मी गोलमध्येच.

आधी कापड, कारण पैसे त्याचे दिलेत. डॉट निट (बारीक ठिपक्यांच्या विणीचं पॉलिस्टर) घेतलं, साडेतीनशेच्या आसपास एक जर्सी पडली, फुल बाहीला थोडे जास्त. छपाई सब्लिमेशनची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिझाइन आधी कागदावर उलटं छापतात, तो कागद कापडावर ठेवून दोनशे डिग्रीच्या आसपास दाबतात, शाईची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. त्यामुळे नाव-नंबर हाताला लागत नाही आणि विनाइलसारखे त्याचे पापुद्रे सुटत नाहीत. स्वस्तातले लोक तयार शिवलेल्या टी-शर्टवरच प्रेस मारतात, मग काखेत आणि शिलाईपाशी पांढऱ्या रेघा राहतात. काका कापलेल्या तुकड्यांवर छापतात आणि नंतर शिवून घेतात. आमच्या एकाही जर्सीला काखेत पांढरं दिसलं नाही. हे काम मनापासून केलेलं आहे.

गोची झाली ती माझ्या रंगाची. मोबाइलवर डिझाइन पाठवलं तेव्हा झगझगीत पोपटी होतं, सँपल आला तो कोथिंबिरीच्या जुडीचा रंग. साध्या शाईतून फ्लुरोसंट रंग निघतच नाही, हे काकांनी ऑर्डर घेताना सांगायला हवं होतं. ॲडव्हान्स घेतल्यावर सांगितलं. उपाय मात्र त्यांनीच काढला. कापडच फ्लुरोसंट पिवळं आणलं आणि त्यावर फक्त काळं छापलं. शाई पारदर्शक असते, गडद कापडावर ती दिसत नाही, पिवळ्यावर काळी ठसठशीत उठते. जादा पैसे मागितले नाहीत.

आता पाठीवरचं नाव. बाकी सगळ्यांनी स्वतःची आडनावं टाकली. मी लिहून दिलं, सुब्रतो, नंबर १, म्हणजे भारताचा माजी गोलकीपर सुब्रतो पॉल. टीमच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं. सीएनसी मशीनवरचा एक पोरगा म्हणाला, "दादा, तीन मॅचमध्ये तेरा गोल खाल्लेला माणूस पाठीवर घेणार? बुफॉन टाका ना."

इटलीचा कीपर बुफॉन, त्याला नावं ठेवायची माझी बिशाद नाही. २००६ च्या विश्वचषकात सात सामन्यांत दोन गोल. त्यातला एक आपल्याच झकार्डोने घातलेला, दुसरा फायनलला फ्रान्सच्या झिदानची पेनल्टी. चालत्या खेळात समोरच्यांना त्याला एकदाही चकवता आलं नाही. जादा वेळेतलं झिदानचं हेडर त्याने बारवरून काढलं, ते मी आजही बघत बसतो. पण त्याच्यापुढे बचावात कानावारो उभा होता, मधल्या फळीत गट्टूसो कुणाला सुखाने श्वास घेऊ देत नव्हता. बॉल बुफॉनपर्यंत येईतो त्यातलं निम्मं विष उतरलेलं असायचं.

सुब्रतो पॉलपुढे काय होतं? जानेवारी २०११, दोहा. भारत १९८४ नंतर पहिल्यांदाच आशिया चषकात. गटात ऑस्ट्रेलिया, बहरीन, दक्षिण कोरिया. निकाल ०-४, २-५, १-४. बेरीज तेरा, पोरगा बरोबर होता. पण त्यातली ऑस्ट्रेलिया पुढे फायनल खेळली आणि कोरिया तिसरी आली. त्याला स्पायडरमॅन म्हणायला सुरुवात आपल्या पेपरांनी नाही, कोरियन माध्यमांनी केली. चार गोल मारणाऱ्यांच्या देशाने चार गोल खाणाऱ्याचं कौतुक करावं, म्हणजे अडवले किती असतील ते समजून घ्या. आमच्या लाइनवर रिजेक्शन मोजताना आधी विचारतात, एकूण माल किती गेला. कीपरच्या बाबतीत मात्र खाल्लेले गोल त्याच्या नावावर आणि आलेले बॉल कुणाच्याच नावावर नाहीत. २००९ ला दिल्लीत आंबेडकर स्टेडियमवर सीरियाविरुद्ध नेहरू कपची फायनल टायब्रेकरवर गेली, तिथे पेनल्टी अडवून कप घरी ठेवणारा हाच. ते कुणी ग्रुपवर टाकलं नाही.

त्याच्या खात्यात नावेची बाजूही आहे. हवेतल्या क्रॉसवर तो मला कधी पूर्ण भरवशाचा वाटला नाही, निघायची घाई करायचा. २०१७ ला डोपिंग चाचणीत टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं औषध सापडलं. खोकल्याच्या औषधातून आलं असं त्याचं म्हणणं होतं, आणि पुढचा आयएसएल (इंडियन सुपर लीग) मोसम तो जमशेदपूरकडून खेळला. या गोष्टींवर वाद घालता येतो. २००४ वर येत नाही. बेंगळुरूला फेडरेशन कपची फायनल, हा मोहन बागानचा तरुण कीपर, आणि त्याच्याशी झालेल्या टकरीनंतर गोव्याच्या डेम्पो क्लबचा स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर मरण पावला. त्या दिवशी डेम्पोचे दोन्ही गोल त्यानेच केले होते. ग्रुपवर एकाने तेही काढलं. मी उत्तर दिलं नाही. स्ट्रायकरच्या पायांत झेपावणं हे कीपरचं रोजचं काम. त्या दिवसानंतरही सुब्रतो ते करत राहिला, तो थेट डिसेंबर २०२३ मध्ये निवृत्त होईपर्यंत. कुणाला हे निगरगट्टपण वाटेल. मी स्वतः गोलमध्ये उभा राहतो, मला ते पेलणं अवघड वाटतं.

भारताचा जुना कीपर थंगराज, त्याला मी पाहिलेलं नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांतलं सुवर्ण ऐकून ठाऊक आहे. पाहिलेल्यांत माझ्या यादीत सुब्रतो वर आहे, त्याच्यानंतरचा भारताचा कीपर गुरप्रीत, त्याच्याही वर. गुरप्रीत उंच, हात लांब, नॉर्वेत जाऊन खेळला, सगळं मान्य. पण पुढची भिंत पडलेली असताना गोलमध्ये कोण हवा, असं विचारलंत तर मी सुब्रतोच सांगेन. शिवाय तो पुणे एफसीकडून खेळला, आयएसएलच्या पहिल्या मोसमात मुंबई सिटीकडून. बुफॉनपेक्षा तरी आपल्या जवळचा.

काकांनी नाव छापताना विचारलंच, "हा बंगाली का? क्रिकेटर?" त्यांच्या पोराने मोबाइलवर कोरियाची मॅच काढून दाखवली. काका प्रेस सोडून बघत उभे राहिले आणि एक पाठ जास्त वेळ तापून करपली. ती त्यांनी स्वतःच्या खर्चाने पुन्हा केली, हेही लिहायला हवं.

तक्रारी. फुल बाहीचे कफ रिबचे, म्हणजे ताणून घट्ट बसणाऱ्या विणीचे सांगितले होते, आले साध्या पट्टीचे. दोन धुण्यांत ढिले पडले आणि ग्लोव्हजच्या पट्ट्याखालून बाहेर डोकावतात. कोपराला पॅडिंग लावून मिळणार नाही, सरळ नाही म्हणतात. टर्फवर झेपावलं की कोपर सोलवटतं, तर कीपरांनी वेगळे एल्बो गार्ड घ्यावेत. साइज चार्टवर विश्वास ठेवू नका, त्यांचा एक्सएल म्हणजे पोट आत घेतलेला एक्सएल. अंगाला नीट बसणारी एखादी जुनी जर्सी मापाला घेऊन जा, तेच बरं. आणि तारीख! "परवा देतो" हे काकांच्या तोंडात कायम. आमची ऑर्डर गणपतीच्या तोंडावर अडकली, मंडळांचे गठ्ठे पुढे आणि आम्ही मागे. टूर्नामेंटच्या आदल्या रात्री जर्सी हातात पडल्या, त्याही एका पोराच्या नावातली वेलांटी उलटी. बदलून दिली, पण टूर्नामेंट झाल्यावर.

छपाईसाठी पाचपैकी साडेचार, शिलाईला तीन, वेळेला एक. आता सिंहस्थ येतोय. स्वयंसेवकांच्या टी-शर्टच्या ऑर्डरी एकदा सुरू झाल्या की मेन रोडवरचा एकही छपाईवाला तुमच्या अकरा जर्सींसाठी मशीन थांबवणार नाही. टीमचं काही करायचं असेल तर आत्ताच जा, आणि डिझाइन फायनल केल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.