खोका शाबूत, चौकट पिळलेली: घडीच्या कटिंग टेबलाचा काही महिन्यांचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ वाचेल. टेबलाची कल्पना झकास, वरच्या फळीतली भोकं अचूक, ॲल्युमिनियमची चौकट बरी, प्लास्टिकचे भाग टुकार आणि पॅकिंग त्याहून टुकार. मी ते अजून वापरतो, परत केलेलं नाही. पण जसं खोक्यातून निघालं तसंच वापरायला घेतलं असतं, तर त्यावर कापलेलं एकही कपाट गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसलं नसतं.

ज्यांनी असं टेबल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण १२०० बाय ७०० मिमीची ॲल्युमिनियमची चौकट, खाली घडी होणारे लोखंडी पाय, वर १९ मिमी जाडीची एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली) फळी. फळीत २० मिमी व्यासाची भोकं, एकमेकांपासून ९६ मिमी अंतरावर, आडवी-उभी. भोकांत खुंट्या बसवायच्या, माल खुंट्यांना टेकवायचा. एका बाजूला बिजागरीवर वर-खाली होणारी गाइड रेल, तिच्यावरून ट्रॅक सॉ, म्हणजे रेलवरून सरळ सरकणारी गोल पात्याची करवत, चालवायची. १८ मिमी एमडीएफची आठ बाय चारची शीट चाळीसेक किलोची असते. ती एकट्याने टेबल सॉवर (जिचं पातं टेबलातून वर आलेलं असतं) ढकलण्यापेक्षा शीट एका जागी ठेवून करवत तिच्यावरून फिरवणं केव्हाही सोपं. जागा कमी असेल किंवा काम दुसऱ्याच्या साइटवर असेल, तर या प्रकाराला तोड नाही. म्हणूनच घेतलं.

आता डिलिव्हरी. पहिलं टेबल आलं तेव्हा खोक्याचा एक कोपरा आत चेपलेला होता आणि आतल्या थर्माकोलचा चुरा फटीतून बाहेर येत होता. उघडलं तर त्या कोपऱ्यातला प्लास्टिकचा जोड-ठोकळा फुटलेला, एमडीएफचा कोपरा फुलासारखा उमललेला आणि रेलचा ब्रॅकेट वाकलेला. फोटो पाठवल्यावर विक्रेत्याचं पहिलं उत्तर आलं की हे नुकसान ‘फक्त दिसण्यापुरतं’ आहे. एमडीएफचा कोपरा एकदा फुटला की त्यात स्क्रू धरत नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार. दोन-चार मेलनंतर बदली टेबल पाठवायला तयार झाले, ते मात्र मान्य करायला हवं.

असं का होतं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण यात कुरियरवाल्याचा दोष वाटतो तेवढा नसतो. खोकं लांब, चपटं आणि जड. एका माणसाला ते आडवं उचलता येत नाही. मग तो ते उभं करतो आणि एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उलथवत नेतो. म्हणजे अख्खं वजन दर वेळी आखूड कडेवर, त्यातही एखाद्या कोपऱ्यावर येतं. कोपऱ्यावर पडलेल्या वस्तूचा सगळा मार इवल्याशा जागेत एकवटतो. थर्माकोल तो मार एकदा झेलतो, पण झेलताना स्वतः चिरडतो आणि परत फुगत नाही. दुसऱ्या आपटीला तिथे काहीच नसतं. पुठ्ठ्याचं तसंच, दमट हवेत त्याचा ताठपणा बराच कमी होतो. तीस किलोच्या आसपासच्या मालाला एकेरी थराचा पुठ्ठा आणि कोपऱ्यांत पातळ थर्माकोल देणं म्हणजे नशिबावर हवाला. चारही कोपऱ्यांना मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाड पुठ्ठ्याचे किंवा लवचीक फोमचे ठोकळे दिले असते, तर यातलं बरंचसं टळलं असतं. पार्सलांच्या पॅकिंगसाठी आपटून बघण्याच्या प्रमाणित चाचण्या आहेत. इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशनची आयएसटीए ३ए ही त्यातली एक. हे खोकं तशा चाचणीतून गेलं असेल असं मला वाटत नाही.

दुसरं टेबल आलं तेव्हा खोका अगदी कोराकरकरीत. कुठे पोचा नाही, टेप फाटलेली नाही. उघडल्यावर वरवर सगळं ठीक. पाय लावले, टेबल उभं केलं, जरा डुगडुगलं. पायांच्या टोकांना उंची जुळवायचे स्क्रू होते, ते फिरवल्यावर डुगडुगणं थांबलं. इथे बहुतेक लोक खूश होऊन कामाला लागतील. खरी गोम इथेच होती: चौकटीलाच पीळ पडलेला होता.

पीळ डोळ्यांना दिसत नाही. बघायचा सोपा मार्ग म्हणजे दोरा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणून बांधायचे, म्हणजे मध्ये फुली होते. पृष्ठभाग सपाट असेल तर दोरे मध्यभागी जेमतेम एकमेकांना शिवतात. मग खालचा दोरा वर आणि वरचा खाली करून परत बघायचं, कारण पीळ उलट्या बाजूचा असेल तर पहिल्या वेळी दोरे एकमेकांवर दाबले जातात आणि फट दिसतच नाही. मध्ये जेवढी फट, त्याच्या दुप्पट एक कोपरा उचललेला. माझ्या टेबलाला मध्ये २ मिमीची फट होती, म्हणजे एक कोपरा ४ मिमी वर. हा खेळ जमिनीचा असू शकतो, म्हणून टेबल त्याच जागी उलट फिरवून ठेवलं. उचललेला कोपरा टेबलाबरोबर फिरला. म्हणजे जमीन निर्दोष.

खोकं शाबूत असताना आतली चौकट कशी पिळली? आतली मांडणी आठवून बघितल्यावर कोडं सुटलं. लोखंडी पाय आणि रेलचा जड ब्रॅकेट एका पातळ प्लास्टिकच्या पट्ट्याने थेट ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आवळलेले होते, मध्ये काहीही नाही. पट्टा सुटलेला होता. म्हणजे प्रवासभर हे लोखंड आतल्या आत चौकटीवर आपटत आलं. पट्टीवर आतून तीन-चार ठोके दिसत होते आणि त्या बाजूच्या जोड-ठोकळ्याला केसाएवढी चीर गेलेली होती. तीसुद्धा टॉर्च तिरपा धरल्यावर दिसली.

विक्रेत्याचं म्हणणं, खोक्याला इजा नाही म्हणजे वाहतुकीतलं नुकसान नाही. आणि वाहतुकीतलं नुकसान नाही म्हणजे बदली नाही. मी दोऱ्यांचे फोटो पाठवले. त्यावर ‘पायांचे स्क्रू फिरवून लेव्हल करा’ असं उत्तर आलं. पाय फिरवून टेबल डुगडुगायचं थांबतं, पण वरच्या फळीचा पीळ तसाच राहतो. फार तर तो सगळा वजनाखाली लपतो. यावर वाद घालून दमल्यावर मी पाना हातात घेतला.

चौकटीचे चारही कोपरे बोल्टनी आवळलेले आहेत, हे नशीब. वेल्ड केलेली असती तर काही इलाज नव्हता. सगळे बोल्ट ढिले केले, चौकट एका सपाट फ्लश दरवाज्यावर उलटी ठेवली, क्लॅम्पने चारही बाजूंनी दाबून बसवली आणि मग बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे कोपरे धरून आवळत नेले. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की पीळ परत येतो. एवढं केल्यावर फट दीड-दोन कागदांवर आली. उरलेलं फळीच्या खाली पत्र्याची पातळ पट्टी सारून भागवलं.

आता रोजच्या वापराबद्दल. या टेबलातली खरोखर उत्तम गोष्ट म्हणजे भोकांची जाळी. ती सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, पाडलेली आहे आणि तपासायला एक छान युक्ती आहे. एका पट्टीवर दोन खुंट्या अशा बसवा की त्या एकाच ओळीत पाच घरं अंतरावर येतील, म्हणजे ४८० मिमी. आता तीच पट्टी तिरकी करा, एका बाजूला तीन घरं आणि दुसऱ्या बाजूला चार घरं मोजून. २८८ आणि ३८४ चा कर्ण बरोबर ४८० येतो. खुंट्या भोकांत अलगद उतरल्या तर जाळी काटकोनात आहे. माझ्या टेबलात उतरल्या, उलट्या दिशेनेही उतरल्या. म्हणून मी आता सोबत आलेल्या फेन्सवर (माल टेकवायच्या सरळ पट्टीवर) विश्वास टाकत नाही, माल थेट खुंट्यांना लावतो.

फेन्सवर का नाही, तर सुरुवातीला पाच कापांची चाचणी घेतली होती. एक चौकोनी तुकडा घ्यायचा, कापलेली कड फेन्सला लावत लावत चारही बाजू कापायच्या, मग पहिली बाजू पुन्हा कापून तिची एक पट्टी काढायची. त्या पट्टीची दोन्ही टोकांची रुंदी व्हर्नियरने मोजायची आणि फरकाला चारने भागायचं. चार कापांत चूक चौपट साठते, म्हणून साध्या गुण्याला (काटकोन तपासायच्या साधनाला) न दिसणारी तफावतसुद्धा पकडली जाते. माझी पट्टी ५०० मिमी लांब होती, फरक २.४ मिमी. म्हणजे ५०० मिमीला ०.६ची चूक. कपाटाच्या ६०० मिमी खोलीच्या बाजूला ती ०.७च्या पुढे जाते, आणि दारं बसवताना ती फट बरोबर डोळ्यांत भरते. रेल खुंट्यांना टेकवून ब्रॅकेट नव्याने जुळवल्यावर पट्टीतला फरक ०.२वर आला. त्याहून जास्त अचूकपणा प्लायच्या कामात मला लागत नाही.

ब्रॅकेट हे या टेबलाचं दुखणंच आहे. बिजागरीत खेळ आहे. रेल खाली टेकली की पुढच्या टोकाची खाच तिला धरते, पण ती खाचही थोडी सैल. सॉ ढकलताना हात जरा बाहेर गेला तर रेल सरकते. खाचेत मी टेपचा एक थर लावलाय. दोन-तीन आठवडे टिकतो, मग बदलायचा. एवढ्या ‘व्यावसायिक दर्जा’ लिहिलेल्या वस्तूला टेप लावायची पाळी यावी, याचा राग अजून गेलेला नाही.

प्लास्टिकच्या फिरक्यांबद्दल तर काय बोलावं. फेन्स आवळणाऱ्या दोन फिरक्यांचे आटे पहिल्या काही आठवड्यांतच गेले. आत पितळेची बुशिंग (आटे असलेली छोटी नळी) नाहीच, आटे थेट प्लास्टिकमध्ये कापलेले. स्टीलच्या नट-बोल्टवाल्या फिरक्या आणून लावल्या, तेव्हापासून तक्रार नाही. रेलच्या खालची रबराची पट्टी, जी कापाच्या कडेला लाकडाच्या फाका निघू देत नाही, तीही गोंद सुटून लोंबायला लागली होती. नवी लावली. सनमायका लावलेला प्लाय कापणार असाल तर ही पट्टी धड असणं गरजेचं आहे, नाहीतर कड चरबरीत येते.

वरच्या फळीबद्दल दोन गोष्टी. पहिली, ती कुणीच सील केलेली नव्हती. एमडीएफची कड पाणी पिते, आणि भोक म्हणजे आतून उघडी कडच. दमट दिवसांत भोकांचे काठ फुगले, खुंट्या हातोडीने बाहेर काढाव्या लागत. कोरड्या दिवसांत त्याच भोकांत त्या सैल होत. सँडपेपर मारून दोन्ही बाजूंना आणि प्रत्येक भोकाच्या आत लाखेचे दोन हात दिले, मग थांबलं. दोन्ही बाजूंना देणं महत्त्वाचं. एकाच बाजूला दिलं तर उघडी बाजू ओल घेते, बंद बाजू घेत नाही, आणि फळीला बाक येतो. दुसरी गोष्ट, फळीला मध्ये खालून आधार नाही. जड शीट ठेवली की मध्यभागी झोळ पडतो. मी चौकटीला आडवी एक पट्टी जोडली आहे. ही पट्टी कंपनीने द्यायला हवी होती.

फळी तशी झिजणारीच वस्तू. सॉची खोली मालाच्या जाडीपेक्षा २ मिमी जास्त ठेवली तर तिच्यावर फक्त उथळ चरे पडतात आणि ती बरीच टिकते. बदलायची वेळ आली की जुनी फळी नव्या एमडीएफवर क्लॅम्प करून बेअरिंगवाल्या राउटर बिटने (बेअरिंग जुन्या भोकाच्या काठावरून फिरतं, पातं खाली तसंच भोक पाडतं) भोकं उतरवता येतात. मात्र चांगली फळी असतानाच एक प्रत काढून ठेवा. झिजून लंबगोल झालेली भोकं तशीच लंबगोल उतरतात.

पाय ठीक. घडी होते, रंग टिकून आहे, पण बाजूने ढकललं तर टेबल हलतं. त्यावर रंधा मारायचा विचार असेल तर सोडून द्या. हे कापायचं टेबल आहे. घडी करताना पायाच्या कडीत बोट सापडतं, तिकडे लक्ष असू द्या.

घ्यायचंच असेल तर जमल्यास दुकानातून स्वतः उचलून आणा. मागवणार असाल तर खोक्याचे फोटो फोडण्याआधी काढा, चारही कोपऱ्यांचे, आणि आतली मांडणी भाग बाहेर काढण्याआधी टिपून ठेवा. माझ्याकडे सुटलेल्या पट्ट्याचा फोटो होता म्हणूनच शेवटी विक्रेत्याने थोडी रक्कम परत केली. दोऱ्याची चाचणी परतीची मुदत संपण्याआधी करा, महिनाभराने कुणी ऐकत नाही. रोज घरोघरी फर्निचर बसवणाऱ्याने हे टेबल घेऊ नये असं माझं मत. गाडीत चढ-उतार करताना हेच प्लास्टिकचे ठोकळे पुन्हा मार खाणार. एका जागी वापरून भिंतीला लावून ठेवणाऱ्याला चालेल, एक शनिवार दुरुस्तीत घालवायची तयारी असेल तर.

चीर गेलेला ठोकळा सुटा मिळत नाही, असं कंपनीने कळवलंय. अख्खी चौकट घ्या म्हणतात. मी त्याच मापाचा सागवानी ठोकळा करून बसवलाय, बोल्टखाली मोठे वॉशर देऊन. बाकीचे तीनही तसेच करणार आहे.