‘पावणेतीन तास भरपूर झाले, काका’: सांगलीतल्या तिकीट एजंटाने घातलेला 1,21,490 रुपयांचा गंडा

हे लिहायला मला चार महिने लागले, कारण लाज वाटत होती. तीस वर्षं मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कुठे किती वाजता लागेल आणि पुढची मिळेल की नाही, हे लोक मला विचारायचे. त्याच माणसाला शंभर फुटी रोडवरच्या एका एजंटाने वेळेच्याच हिशेबात फसवलं.

मुलगी टोरांटोला असते. तिचं पहिलंच बाळंतपण, तिकडे सासरचं कोणी नाही, म्हणून आम्ही दोघं निघालो. एजंट गल्लीतल्या एकाच्या ओळखीचा. तो म्हणाला, पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून थेट टोरांटो, एकच कनेक्टिंग तिकीट. पुण्याहून रात्री 9:10, दिल्लीत 11:25, पुढचं विमान 2:10 ला. मी तेव्हाच विचारलं होतं की मधला वेळ पुरेल का. ‘पावणेतीन तास भरपूर झाले, काका. बॅगा थेट टोरांटोला घ्यायच्या. तुम्ही निवांत जावा.’ वर माणशी 3,500 रुपये ‘कनेक्शन गॅरंटी’चे घेतले. विमान चुकलं तर पुढचं फुकट, असं म्हणाला.

एकूण 2,80,200 रुपये. टोरांटोचं जाऊन-येऊन दोघांचं 2,46,400, पुणे-दिल्लीचं 24,800, गॅरंटीचे 7,000, त्याची फी 2,000. त्यातले 50,000 रोख मागितले, ते दिले आणि पावती घेतली नाही. रोख मागणाऱ्याला तिथेच हात जोडून बाहेर पडा.

आता जिथे मला कळायला हवं होतं ते सांगतो. प्रवासाच्या बारा दिवस आधी मोबाइलवर दोन मेसेज आले, दोन वेगळ्या एअरलाइन्सचे, दोन वेगळ्या पीएनआरचे. एजंटाने लेटरहेडवर छापून दिलेल्या कागदावर मात्र एकच पीएनआर होता. शिवाय एका मेसेजमध्ये दिल्लीचं टर्मिनल 1 लिहिलेलं आणि दुसऱ्यात टर्मिनल 3. मी कागद आणि मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो होतो. बायको म्हणालीसुद्धा, ‘अहो, हे जुळत नाही.’ मी एजंटाला व्हॉट्सअ‍ॅप केलं. उत्तर आलं, ‘तो त्यांचा इंटरनल कोड असतो काका.’ आणि मी कागदाची घडी घातली. त्या दिवशी एअरलाइनला एक फोन केला असता, किंवा त्यांच्या साइटवर पीएनआर टाकून बघितला असता, तर सगळं उघड झालं असतं. त्या एजंट पोराचं वय बघून, ओळखीचा म्हणून विश्वास ठेवला. आमच्या पिढीला ओळखीच्या माणसाला पुरावा मागायची सवय नाही. याला कोणी मूर्खपणा म्हणेल. पण खोटं छापणारा तो होता, मी नव्हे.

पुण्यात काउंटरवरच्या मुलीने बॅगेला दिल्लीचा टॅग लावला. ‘टोरांटोचं तिकीट आम्हाला दिसत नाही, बॅगा तुम्हाला दिल्लीत उतरवून घ्याव्या लागतील,’ म्हणाली. पोटात गोळा आला. पण तोवर सांगलीहून पुण्यापर्यंत येऊन पोचलो होतो. एजंटाचा फोन बंद.

ते विमान पन्नास मिनिटं उशिरा पोचलं, 12:15 ला. बॅगा पट्ट्यावर यायला 12:50 झाले. टर्मिनल 1 आणि 3 एकमेकांना लागून नाहीत, बाहेर पडून रस्त्याने जावं लागतं. टॅक्सी करून गेटवर पासपोर्ट-तिकीट दाखवून आत शिरेपर्यंत 1:30. चेक-इन काउंटर 1:10 लाच बंद झाला होता. विमान अजून उभं होतं, चाळीस मिनिटं बाकी होती, तरी कोणी ऐकलं नाही. आणि नियमाने त्यांचं बरोबर होतं, हे जास्त लागलं.

हा हिशेब नीट समजून घ्या. पावणेतीन तास हे कागदावरचे. आंतरराष्ट्रीय चेक-इन साधारण उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, तो तास आधीच वजा. उरले पावणेदोन. त्यात विमानातून उतरणं, बॅगेची वाट, दुसऱ्या टर्मिनलला जाणं, पुन्हा रांग. आमचं विमान वेळेवर आलं असतं तरी जेमतेम अर्धा तास हातात राहिला असता. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तर प्रत्येक विमानतळाचा ठरलेला किमान कनेक्शन वेळ असतो, त्याखाली सिस्टीम तिकीट विकतच नाही. शिवाय पहिलं उशिरा आलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी एअरलाइनची. दोन वेगवेगळी तिकिटं घेतली की हे तपासणारं कोणी नाही. मुलीने नंतर बघितलं तर एकाच तिकिटावरचा प्रवास दोघांना मिळून 9,600 रुपयांनी महाग होता. तेवढ्या पैशांसाठी त्याने आम्हाला दोन तुकडे शिवून दिले आणि एक म्हणून विकले.

तिकीट ‘नो-शो’ झालं, म्हणजे प्रवासी आलेच नाहीत अशी नोंद. पुढचं विमान दोन दिवसांनी, दंड आणि भाड्यातला फरक धरून माणशी 48,750. ते भरले नसते तर परतीचं तिकीटही गेलं असतं, म्हणून 97,500 भरले. विमानतळाजवळच्या महिपालपूरच्या लॉजवर दोन रात्री 8,400, टॅक्सी 1,150, जेवणखाण 1,640. परतीलाही त्याने असंच तोकडं अंतर ठेवलं होतं. येताना तर दिल्लीत इमिग्रेशन, बॅगा, कस्टम असं सगळं उरकून टर्मिनल बदलायचं असतं. म्हणून पुण्याच्या तिकिटाची तारीख बदलली, 5,800. आणि गॅरंटीचे 7,000. सगळे मिळून 1,21,490.

लॉजवरच्या दुसऱ्या रात्री नात झाली. बायकोने बाळंतविड्याची बॅग उघडली, दुपटी बाहेर काढली आणि पुन्हा घडी करून आत ठेवली. ती एक शब्द बोलली नाही. याची भरपाई कुठल्या कलमात बसते?

परत आल्यावर एजंटाकडे गेलो. ‘फ्लाइट लेट झाली त्याला मी काय करणार?’ गॅरंटीचं विचारलं तर म्हणाला, ती ऑफिसची सुविधा होती, विमा नव्हता. तुमच्याकडून कोणी असले पैसे घेतले तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर मागा. नसेल तर ते पैसे त्याच्या खिशात गेले.

मग पोलीस ठाणं. तिथे सांगितलं, हे दिवाणी प्रकरण आहे. मी म्हणालो, खोटा पीएनआर छापून पैसे घेतले, ही फसवणूक नाही का? तर म्हणे घटना दिल्लीत घडली, तिथे जा. सांगलीत पैसे घेतले, सांगलीत कागद दिला, आणि मी दिल्लीला जाऊ? दुसऱ्या ठाण्यात पाठवलं, त्यांनी हद्द आमची नाही म्हणून परत पाठवलं. पाच फेऱ्या झाल्या. एकदा दोन तास बाकावर बसवून ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’ म्हणाले. अर्जावर आवक शिक्का मिळवायलाही भांडावं लागलं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. हे मी, निवृत्त एसटी कर्मचारी, मोबाइलवर वाचून त्यांना सांगायचं आणि त्यांनी ‘काका, तुम्ही वकील आहे का?’ म्हणून हसायचं. बँकेत गेलो तर तुम्हीच स्वतः पैसे पाठवलेत म्हणाले. पहिल्या एअरलाइनने दोन ओळींची मेल केली, आमची जबाबदारी दिल्लीपर्यंतच. ज्याच्या त्याच्याकडे दार बंद करायला एक वाक्य तयार आहे.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. आपण राहतो तिथे करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि 5 लाखांपर्यंत फी नाही. वकील नसला तरी चालतं. 1915 वर फोन केला तर ग्राहक हेल्पलाइन लागते. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नका, माझ्या तक्रारीत ‘इंटरनल कोड’चा तो एक मेसेजच सगळ्यात मोठा पुरावा आहे. विमान चुकलं असलं तरी न वापरलेल्या तिकिटावरचे कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं, ते सोडू नका. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं असतं, तेव्हा दोन वेगळ्या तिकिटांवर तर जाऊच नका. आणि गेलातच तर आदल्या दिवशी दिल्ली गाठा.

त्याचं दुकान अजून चालू आहे, बाहेर नवा बोर्ड लावलाय. पुणे-दिल्ली किंवा मुंबईमार्गे परदेशी जायला सांगलीत ज्यांनी लेटरहेडवर छापलेलं तिकीट घेतलंय, त्यांनी आज त्यावरचा पीएनआर एअरलाइनच्या साइटवर टाकून दोन्ही विमानं एकत्र दिसतात का ते बघावं. एकच दिसलं तर तो कागद फाडू नका, तोच पुरावा आहे.